काळोखातला शिलेदार आणि त्याचे खोटे



माझ्या नावाखाली आजवर तुम्ही हुमणीचा बंदोबस्त, चुनखडीच्या जमिनी, बीजप्रक्रिया असेच काही वाचले असेल. आज सिनेमावर लिहितो आहे. शेतकी अधिकाऱ्याला हा नवा छंद कुठून लागला, असे मनात येईल. पण त्याचे कारण आमच्या घरातच घडले, आणि ते तुमच्याही घरात घडत असावे असा माझा तर्क आहे.

दिवाळीनंतर गावी गेलो होतो. थोरल्या भावाचा मुलगा बारावीला आहे. त्याच्या मोबाइलच्या पाठीवर एका विदूषकाचे चित्र दिसले. पांढरा रंग फासलेले तोंड, डोळ्यांभोवती काजळाचे डाग आणि गालापर्यंत फाटलेले लाल ओठ. याच चित्राचे टी-शर्ट आठवड्याच्या बाजारात टांगलेले मी पाहिले होते. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हे भूत घरात कशाला हवे, ते तुम्हीच विचारा त्याला." मी विचारले. तर पोरगा म्हणाला, "काका, हा जोकर आहे. तुम्ही पाहा तर खरे. त्या अख्ख्या सिनेमात खरे बोलणारा हा एकटाच आहे."

ते वाक्य मला लागले. सतरा वर्षांच्या मुलाला खुनी माणूस खरा वाटतो आणि बाकीचे ढोंगी वाटतात, तर आपण निदान बसून पाहावे तरी काय आहे ते. मग त्याने मोबाइल टीव्हीला जोडला आणि हिंदीत उतरवलेला तो चित्रपट आम्ही दोन रात्रींत पाहिला. एका रात्रीत झाला नाही, कारण शेतीची लाइट रात्रीची होती आणि मध्येच मोटर चालू करायला जावे लागले.

चित्रपटाचे नाव ‘द डार्क नाइट’. यातला ‘नाइट’ म्हणजे रात्र नव्हे, तर जुन्या युरोपातला घोडेस्वार योद्धा. आपण काळोखातला शिलेदार म्हणू. जुलै २००८ मध्ये तो अमेरिकेत लागला. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन; पटकथा त्याने आणि त्याचा भाऊ जोनाथन याने मिळून लिहिली. खर्च सुमारे १८.५ कोटी डॉलर, आणि जगभरच्या तिकीट खिडक्यांवर जमा झाले १०० कोटी डॉलरच्या वर. नायक बॅटमॅन, म्हणजे वटवाघळाचा वेश घेऊन रात्री गुंडांना बडवणारा वीर. हे पात्र १९३९ साली बॉब केन हा चित्रकार आणि बिल फिंगर हा लेखक या दोघांनी एका अमेरिकन चित्रकथांच्या मासिकासाठी घडवले. त्याच्या अंगी दैवी शक्ती काही नाही. तो ब्रूस वेन नावाचा गर्भश्रीमंत कारखानदार. लहानपणी डोळ्यांदेखत आईबाप मारले गेले, तेव्हापासून पैसा, यंत्रे आणि व्यायाम यांच्या बळावर तो गॉथम शहराची राखण करतो. कुणाचा जीव घ्यायचा नाही, हा त्याचा नेम. गॉथम हे शहर कल्पनेतले. पडद्यावर दिसते ते बहुतेक शिकागो.

कथा थोडक्यात सांगतो. शहरात गुंडांच्या टोळ्या माजलेल्या आहेत. बॅटमॅन, गॉर्डन नावाचा सरळ पोलिस अधिकारी आणि हार्वी डेंट हा तरुण सरकारी वकील असे तिघे मिळून त्यांच्या नाड्या आवळत आणतात. घाबरलेल्या टोळ्या जोकर नावाच्या एका अनोळखी माणसाला जवळ करतात, आणि तो त्यांनाच गिळतो. बॅटमॅनने मुखवटा काढावा, नाहीतर रोज माणसे मरतील, अशी त्याची धमकी. शेवटी तो डेंटला आणि डेंटच्या वाग्दत्त वधूला, रेचेलला, दोन वेगवेगळ्या ठिकाणी बॉम्बशेजारी बांधून ठेवतो. रेचेल मरते. डेंट वाचतो, पण त्याचा अर्धा चेहरा जळतो आणि मनही जळते. कायद्याचा तो पुजारी पुढे नाणे उडवून माणसे मारत सुटतो.

आता गुण. पहिला गुण असा, की यातले बरेचसे डोळ्यांना खरे वाटते, कारण ते खरोखर केलेले आहे. अठरा चाकांचा ट्रक भररस्त्यात शेपटावर उभा राहून उलटा होतो. तो संगणकावर काढलेला नाही. शिकागोच्या रस्त्यावर रात्री खराच ट्रक उलटवला होता. इस्पितळ उडते ते म्हणजे एका जुन्या गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्याची पाडायला आलेली इमारत. आयमॅक्स नावाच्या अवजड कॅमेऱ्याने एवढ्या मोठ्या कथापटातले काही प्रसंग टिपण्याचा हा पहिलाच प्रयोग होता. टीव्हीवर त्यातले निम्मेही कळत नाही. पण बँक लुटण्याचा पहिला प्रसंग पाहताना मी चहा विसरलो, एवढे कबूल करतो.

दुसरा गुण म्हणजे जोकरचे काम करणारा हीथ लेजर. हा ऑस्ट्रेलियाचा नट. मान खाली घालून चालणे, सारखी जीभ ओठांवरून फिरवणे, आवाज मध्येच वर नेऊन खाली टाकणे हे सगळे इतके बारीक केले आहे की, पडद्यावर तो नसतानाही त्याचीच धास्ती वाटते. जोकर कुठला, त्याचे आईबाप कोण, हे शेवटपर्यंत सांगितलेले नाही, आणि तेच बरोबर केले आहे. खलनायकाच्या बालपणाचे रडगाणे सांगितले की प्रेक्षक त्याला माफ करून मोकळा होतो.

हा नट चित्रपट लागण्याच्या आधीच, २२ जानेवारी २००८ रोजी, वयाच्या २८ व्या वर्षी वारला. पुढच्या वर्षी सहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक त्याला मरणोत्तर मिळाले. आईवडील आणि बहीण मंचावर गेले. पोरांमध्ये एक कथा पसरली आहे की, जोकर अंगात शिरला म्हणून तो मेला. माझ्या पुतण्यानेही ती सांगितली. त्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या सरकारी वैद्यकीय तपासणीत निघाले ते एवढेच की, डॉक्टरी चिठ्ठीवर मिळणारी झोपेची, वेदनेची आणि चिंतेची औषधे एकत्र घेतल्याने हा अपघाती मृत्यू झाला. गोळ्यांच्या पुड्या आपल्याही घरातल्या फडताळात असतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

तिसरा गुण मला माझ्या धंद्यामुळे जाणवला असेल. बॅटमॅन आला, गुंड घाबरले, म्हणजे काम झाले, असे हा चित्रपट म्हणत नाही. उलट बॅटमॅन जितका जोर लावतो तितका पलीकडून मोठा जोर उभा राहतो. साधे चोर जातात आणि त्यांच्या जागी जोकर येतो. कपाशी करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. अळीसाठी एक उपाय केला, तो सगळ्या शिवारात एकसारखा चालवला, की काही वर्षांनी त्याला न जुमानणारी अळी निपजते. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळीने काय केले ते आपण पाहिले. वीरपटात सहसा हा हिशेब मांडत नाहीत. इथे तो मांडला आहे.

आता दोष. मारामाऱ्या फार अंधारात आणि फार तुकड्यातुकड्यांत आहेत. कोण कुणाला मारतो ते कळत नाही. बॅटमॅन मुखवटा चढवला की घसा बसल्यासारखा बोलतो, आमच्या वहिनी आतून म्हणाल्या, "त्याला आधी आल्याचा काढा द्या." रेचेलच्या वाट्याला स्वतःचे असे काही नाही. ती जगते ती दोन पुरुषांनी तिच्यावर प्रेम करावे म्हणून, आणि मरते ती त्या दोघांनी बिघडावे म्हणून. डेंटचे पालटणेही घाईचे झाले. एवढा शहाणा वकील, आणि जोकर इस्पितळात खाटेजवळ बसून चार वाक्ये बोलतो की याची बुद्धी फिरते! दोन तास बत्तीस मिनिटांत त्याला आणखी दहा मिनिटे मिळायला हवी होती.

एक खटकलेली गोष्ट पोरांच्या ध्यानात येणार नाही. ब्रूस वेनचा म्हातारा कारभारी आल्फ्रेड त्याला ब्रह्मदेशातली आठवण सांगतो. तिथे रत्ने लुटणारा एक दरोडेखोर होता. त्याला रत्नांचा लोभ नव्हता, लुटून तो ती फेकून देई. त्याला कसे पकडले, असे वेन नंतर विचारतो, तर आल्फ्रेड सांगतो की जंगलच जाळून टाकले. प्रसंग झकास लिहिला आहे. पण त्या जंगलात राहत कोण होते, त्यांचे काय झाले, हे ना वेन विचारतो, ना आल्फ्रेड सांगतो, ना चित्रपट. साहेबाच्या कथेत आपल्याकडची रानेवने नेहमी अशी उदाहरणापुरती येतात.

लहान मुलांविषयी स्पष्ट सांगतो. अमेरिकेत या चित्रपटाला जो दाखला मिळाला तो १३ वर्षांखालच्यांसाठी पालकांना सावध करणारा आहे. ब्रिटनमध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर पाहू दिले, तेव्हा पालकांच्या पुष्कळ तक्रारी तिथल्या मंडळाकडे गेल्या. रक्त फारसे दाखवलेले नाही, पण भीती हाडात शिरते. प्राथमिक शाळेतल्या मुलाने हा पाहू नये, असे माझे मत आहे. आणि ‘जोकर’ याच नावाचा २०१९ चा चित्रपट वेगळा. नट वेगळा, कथा वेगळी, आणि तो तर मोठ्यांसाठीच आहे. मुले दोन्हींची गल्लत करतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जोकर खरे बोलतो का?

दुसऱ्या रात्री मी पुतण्याला वहीचे मागचे पान काढायला लावले. म्हटले, हा जेव्हा जेव्हा खोटे बोलेल तेव्हा एक रेघ मारायची. बँकेत साथीदारांना एकमेकांना मारायला लावतो, आणि प्रत्येकाला सांगतो की तुझा वाटा वाढेल, रेघ. तोंडावरचे व्रण कसे आले हे एकाला सांगतो बापामुळे, दुसरीला सांगतो बायकोसाठी; रेघ. डेंट आणि रेचेल यांचे पत्ते बॅटमॅनला उलटसुलट सांगतो, त्यामुळेच तर रेचेल मरते, मोठी रेघ. आणि सगळ्यांत मोठी म्हणजे, आपण काही बेत आखत नाही, मोटारीमागे धावणाऱ्या कुत्र्यासारखे आहोत, असे डेंटला सांगतो. अरे, ज्याने शाळेच्या बसगाड्यांची रांग कोणत्या मिनिटाला जाते ते पाहून बँक लुटली, त्याला बेत आखता येत नाही? हा चित्रपटाचाही दोष म्हणता येईल, कारण जोकरचे सगळे डाव घड्याळासारखे जुळून येतात. पान भरत आले. पोरगा गप्प होता.

मग ते दोन बोटींचे दृश्य आले. माझ्या मते चित्रपटातले सर्वांत चांगले. शहर सोडून चाललेली माणसे दोन मोठ्या बोटींत आहेत. एकीत साधे नागरिक, दुसरीत तुरुंगातले कैदी. दोन्हींत जोकरने स्फोटके भरली आहेत, आणि प्रत्येक बोटीवर दुसरी बोट उडवण्याची कळ ठेवली आहे. बारापर्यंत कुणीच दाबली नाही तर तो दोन्ही उडवणार. नागरिक चिठ्ठ्या टाकून मत घेतात आणि बहुमत पडते कळ दाबण्याच्या बाजूने! पण दाबायला हात कुणाचा उठत नाही. एक गृहस्थ तावातावाने कळ हातात घेतो, आणि खाली ठेवून जागेवर जाऊन बसतो. दुसऱ्या बोटीवर अंगभर गोंदलेला एक दांडगा कैदी अधिकाऱ्याकडून कळ मागून घेतो. आपल्या काळजात धस्स होते. तो ती खिडकीतून पाण्यात फेकून देतो. बारा वाजतात, आणि काही होत नाही. माणसे मुळात आपल्यासारखीच सडलेली आहेत, हा जोकरचा दावा तिथे खोटा ठरतो, आणि तो ठरवतो बॅटमॅन नव्हे, तर गर्दीतली बिननावाची माणसे.

मी पुतण्याकडे पाहिले. मला वाटले, झाले आपले काम.

पण शेवट अजून व्हायचा होता. डेंट पाच जणांचे बळी घेऊन, गॉर्डनच्या मुलावर पिस्तूल रोखून, अखेर पडून मरतो. तेव्हा बॅटमॅन म्हणतो की हे लोकांना कळता कामा नये. डेंटवर त्यांची श्रद्धा आहे, ती मोडली तर शहर मोडेल. खुनांचा आळ माझ्यावर घाल. गॉर्डन कबूल होतो. त्याच सुमारास तिकडे आल्फ्रेड रेचेलचे शेवटचे पत्र जाळतो, ज्यात तिने डेंटशी लग्न करणार असल्याचे लिहिले होते. बॅटमॅन पळतो, मागे पोलिसांची कुत्री, वर भरदार संगीत, आणि आपण भारावून जावे अशी योजना.

पुतण्याने पेन्सिल उचलली. म्हणाला, "काका, आता या तिघांच्या रेघा कुठे मारू?"

मी खरोखर निरुत्तर झालो. रात्रभर त्यावर विचार केला, आणि या चित्रपटाचा खरा कमकुवतपणा त्या पोराने बरोबर हेरला आहे, असे माझे मत झाले. अर्ध्या तासापूर्वीच चित्रपटाने दाखवले की लोक संकटातही माणुसकी सोडत नाहीत. आणि मग तोच चित्रपट म्हणतो की या लोकांना खरे सोसणार नाही, त्यांना गोड खोटे पाजा! ज्यांनी हातातली कळ दाबली नाही, ते एका वकिलाचे पाप कळले म्हणून बिथरतील? बोटीवरच्या माणसांवर विश्वास टाकला तो जोकरला हरवण्यापुरता, आणि काम झाल्यावर काढून घेतला. असेच त्या फोन-यंत्राचेही. साऱ्या शहराचे मोबाइल चोरून ऐकणारे यंत्र बॅटमॅन बनवतो. त्याचा माणूस फॉक्स बजावतो की हे चुकीचे आहे. मग त्याच यंत्राने जोकर सापडतो, आणि नंतर यंत्र मोडून टाकून हात धुतले जातात. एक पाय तळ्यात, एक मळ्यात.

नोलन बंधूंना हे कळले नसेल असे नाही. २०१२ मध्ये पुढचा भाग आला, ‘द डार्क नाइट रायझेस’. त्यात आठ वर्षांनी ते खोटे उघडे पडते, आणि उघडे पाडतो तो शत्रू, आपल्या सोयीने, भर चौकात. (त्या भागात जोधपूरचा मेहरानगड किल्ला ओझरता दिसतो.) म्हणजे देणे फेडले, पण चार वर्षांनी आणि दुसऱ्या वहीत. २००८ च्या चित्रपटापुरते बोलायचे तर शेवटी ते खोटे शौर्य म्हणूनच मिरवले आहे.

यावर मी इतके का लिहितो, तेही सांगून टाकतो. नोकरीची माझी पहिली वर्षे. हरभऱ्याच्या नव्या वाणाचा प्रात्यक्षिक प्लॉट माझ्याकडे होता. पीक उत्तम, पण एका कोपऱ्यात मर रोग लागला. पाहता पाहता पाच-सहा ओळी वाळल्या. शिवारफेरीच्या आदल्या दिवशी वरिष्ठ आले, त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "उद्या लोकांना पूर्वेच्या बांधाने फिरवा. नव्या वाणावरचा विश्वास उडता कामा नये." त्यांचा हेतू वाईट नव्हता. वाण खरोखर चांगला होता. मी पूर्वेच्या बांधाने फिरवले. टाळ्याही पडल्या. पुढच्या रब्बीत कितीतरी जणांनी ते बी नेले, आणि ज्यांच्या रानात रोगाचे बीज आधीच होते त्यांचा हरभरा ऐन फुलोऱ्यात माना टाकू लागला. त्यांतले एक वयस्कर शेतकरी कचेरीत आले. ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितले असते तरी मी बी नेले असते. पण औषध चोळून पेरले असते, आणि सगळे तीन एकर नसते टाकले."

ही गोष्ट मी आजवर घरात सांगितली नव्हती. त्या रात्री मोटर चालू करून बांधावर बसलो होतो, तेव्हा पुतण्याला सांगितली. त्याने बॅटरी पाण्याच्या दांडावर धरली होती. बराच वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, "काका, नंतर तरी तुम्ही लोकांना सांगितले का?"

"त्या एकट्यांना सांगितले," मी म्हणालो. "बाकीच्यांना नाही."

तो ‘हं’ म्हणाला आणि फोडलेला बारा बुजवायला फावडे घेऊन खाली उतरला.